अपलोडच्या रकान्यातील शून्य

जळगाव, भुसावळ आणि धुळ्याच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा : टॉरंट (फाइलचे तुकडे एकमेकांच्या संगणकांवरून घेण्या-देण्याची पद्धत) वापरत असाल तर अपलोडच्या रकान्यात आधी शून्य लिहा, अपलोड चालू राहिला की संगणकातील सगळ्या फायली बाहेरच्यांना मिळतात, नेटचा वेग निम्म्यावर येतो, आणि गुन्हा फक्त अपलोडचा असल्यामुळे शून्य लिहिणाऱ्याला कोणी हात लावू शकत नाही. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही, पण या संदेशातील एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

सुरुवात त्या शून्यापासूनच करू. क्यूबिटटॉरंट आणि यूटॉरंट या दोन्ही प्रचलित प्रोग्रॅममध्ये वेगमर्यादेच्या रकान्यातील शून्याचा अर्थ ‘काहीही देऊ नका’ असा नसून ‘मर्यादाच नाही’ असा आहे. क्यूबिटटॉरंटमध्ये तर शून्य लिहिताच त्या जागी अनंताचे आडवे चिन्ह उमटते. म्हणजे संदेश वाचून घाईघाईने शून्य लिहिणारा अपलोडला पूर्ण मोकळीक देऊन निर्धास्त झोपतो. हा सल्ला लिहिणाऱ्याने तो रकाना स्वतः कधी उघडून पाहिला होता का, अशी शंका येते.

सगळ्या फायली बाहेर जातात, ही भीती मात्र हवेतून आलेली नाही. काझा, लाइमवायर अशा जुन्या जाळ्यांमध्ये एक अख्खे फोल्डर वाटपासाठी खुले करावे लागे आणि निष्काळजीपणाने लोक त्यात घरची कागदपत्रेही ठेवत. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेल्या बिटटॉरंटची रचना वेगळी आहे. त्यात टॉरंटमध्ये नोंदलेल्या फायलींचेच तुकडे दिले-घेतले जातात आणि आलेला प्रत्येक तुकडा त्याच्या हॅशशी, म्हणजे त्या तुकड्यावरून काढलेल्या ओळखीच्या आकड्याशी, जुळला तरच स्वीकारला जातो. शेजारच्या फोल्डरमधील तुमची गुणपत्रिका त्यातून कोणाला मागताच येत नाही. बनावट फाइल उतरवून विषाणू ओढवून घेणे हा खरा धोका आहे, पण त्याचा अपलोडशी काही संबंध नाही.

वेगाबद्दलचे विधान अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते अधिक फसवे आहे. तांब्याच्या तारेवरच्या ब्रॉडबँडमध्ये अपलोडची वाट मुळातच अरुंद असते. ती पूर्ण भरली की ‘तुकडा मिळाला’ ही पोचही वेळेवर परत जात नाही आणि त्यामुळे डाउनलोड अडखळतो. यावर उपाय म्हणजे अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष क्षमतेच्या थोडी खाली, साधारण सत्तर-ऐंशी टक्क्यांवर ठेवणे. देणे अगदीच थांबवले तर मिळणेही आटते, कारण हे जाळे आपल्याकडच्या सावडीसारखे चालते : तुमच्या वावरात ज्याची बैलजोडी आली, त्याच्या वावरात तुमची जाते. मूळ प्रोग्रॅम दर १० सेकंदांनी हिशेब करून, आपल्याला अधिक देणाऱ्या मोजक्या सोबत्यांना तुकडे देत राहतो आणि दर ३० सेकंदांनी एखाद्या नवख्यालाही संधी देतो. पूर्ण फाइल असलेले सीडर फुकट्यालाही देतात हे खरे, पण सीडर कमी असले की फुकट्याची रांग सर्वांत शेवटी लागते.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. पारोळ्याकडच्या माझ्या एका मित्राने गावातील म्हाताऱ्या बायांकडून कानबाई देवीची अहिराणी गाणी, त्यांच्या संमतीने, ध्वनिमुद्रित केली आणि तो सुमारे चार जीबीचा संच टॉरंटने मित्रमंडळींना दिला. दुसऱ्या दिवशी लोडशेडिंगमध्ये त्याचा संगणक बंद पडला. मी पाहिले तेव्हा तो संच उतरवणाऱ्यांच्या यादीत अकरा जण होते आणि अकराही जण ९७.४ टक्क्यांवर अडकलेले होते, कारण उरलेले तुकडे एकट्या मित्राकडेच होते. त्याआधी संच पूर्ण मिळालेले दोघे ‘अपलोड धोक्याचा’ म्हणून प्रोग्रॅम बंद करून केव्हाच निघून गेले होते. रात्री वीज आली आणि सगळ्यांचे गाडे काही मिनिटांत पुढे सरकले.

आता कायद्याकडे वळू. भारतात टॉरंट हे तंत्र बेकायदा नाही. डेबियन आणि उबंटू हे प्रकल्प आपल्या संगणक चालवणाऱ्या प्रणाली अधिकृतपणे टॉरंटनेही देतात. प्रश्न फाइल कोणाची, हा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार प्रत तयार करण्याचा हक्क हक्कधारकाचा असतो, त्यामुळे परवानगीविना चित्रपट उतरवणेही निर्दोष ठरत नाही. तो इतरांना पुरवणे त्याहून गंभीर आहे आणि कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद व ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितलेला आहे. याच्या उलट टोकाची अफवाही २०१६ मध्ये पसरली होती, की बंद केलेले संकेतस्थळ नुसते पाहिले तरी तुरुंग. मुंबई उच्च न्यायालयाने तेव्हा नुसते पाहणे हा गुन्हा नाही हे स्पष्ट केले होते. अपलोड थांबवल्याने कोणी अदृश्यही होत नाही, कारण तुकडे मागणाऱ्या प्रत्येकाचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) ते टॉरंट वापरणाऱ्या इतरांना दिसतोच. दुसरीकडे, अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले आणि लेखकाच्या निधनानंतर कॉपीराइट साठ वर्षे टिकतो, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी मुक्त आहे; ते स्वतः टंकून कितीही अपलोड करावे, मात्र आजच्या आवृत्तीतील नवी प्रस्तावना आणि चित्रे त्यात घेऊ नयेत.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांची अडचण मात्र खरी आहे. रोजच्या दीड-दोन जीबीमधून अपलोडही वजा होतो. त्यांनी फाइल पूर्ण झाल्यावर ते टॉरंट सरळ थांबवावे आणि पुढे कधी महाविद्यालयाच्या किंवा घरच्या वायफायवर बसले, की तासभर पुन्हा चालू ठेवावे.