नातवाच्या रिपोर्टबद्दल गुरुजींना उत्तर

गुरुजी, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण मुद्द्याला धरून आहे. म्हणून दोन ओळींत ‘धन्यवाद’ म्हणून सुटका करून घेत नाही.

इतर वाचकांसाठी आधी विषय सांगते. मागच्या लेखात मी पालकांना म्हटलं होतं, की मुलाला ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः जमावीत म्हणून दिले जाणारे उपचार) सुरू करताना नुसतं ‘बघून सांगितलं’ यावर समाधान मानू नका, कुठली प्रमाणित चाचणी, म्हणजे सगळ्या मुलांना एकाच ठरलेल्या पद्धतीने घ्यायची चाचणी, घेतली ते विचारा. गुरुजी निपाणीकडचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. सात वर्षांच्या नातवाची बेळगावात चाचणी झाली, स्कोअर कमी आला आणि तो कागद बघून शाळेने ‘पुढच्या वर्षी दुसरीकडे बघा’ म्हणून सुचवलं. त्यांचं म्हणणं असं: ‘ही मापं तिकडच्या गोऱ्या पोरांवरून काढलेली. आमचं पोर घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. ते अडखळलं तर हात कच्चा का भाषा कच्ची? आम्ही चाळीस पोरांच्या वर्गात नुसतं बघून ओळखत होतो. आणि तुम्ही लोक चाचणीतले प्रश्न लपवता कशाला?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे, ते आधी उरकते. प्रश्न जाहीर केले की घरोघरी त्यांची तयारी सुरू होते. आई-वडील मायेपोटीच घोटून घेतात, पण मग त्या पोराच्या बाबतीत ती चाचणी वाया गेली. इथे खालीसुद्धा मी एकाही चाचणीतला प्रश्न जसाच्या तसा देणार नाही.

आता मुख्य तक्रार. कोष्टकं, म्हणजे कुठल्या वयाला किती गुण सर्वसाधारण धरायचे ते सांगणारे तक्ते, परदेशी आहेत, हे खरंच आहे. बीओटी-२ ही हाता-पायांच्या हालचालींची चाचणी २००५ ची, वय ४ ते २१, तिची कोष्टकं अमेरिकन मुलांवरची. मूव्हमेंट एबीसी-२ ही २००७ ची, ३ ते १६ वर्षांसाठी, ब्रिटनमध्ये बेतलेली. बऱ्याच चाचण्यांत सरासरी १०० धरतात आणि ८५ म्हणजे साधारण सोळावा पर्सेंटाइल. याचा अर्थ, त्याच वयाच्या शंभर पोरांत सोळाएक जण तुमच्या पोराच्या बरोबरीला किंवा खाली. ती शंभर पोरं कुठली, हा तुमचा प्रश्न. खानापूरची नाहीत, एवढं नक्की.

आपल्याकडे काहीच झालं नाही असंही नाही. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात केलेली डीएएसआयआय ही बाळाचा विकास मोजणारी चाचणी आहे, १९७० ची, १९९७ मध्ये सुधारलेली. हालचालींचे ६७ आणि मानसिक विकासाचे १६३ घटक, पण ती अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी. स्वमग्नतेसाठी चाळीस घटकांची इसा आहे आणि सरकारी प्रमाणपत्रासाठी तीच चालते. सात वर्षांच्या पोराचा तोल आणि बोटं मोजायला मात्र आम्ही थेरपिस्ट रोज परदेशी पेटीच उघडतो.

पण गुरुजी, सगळ्या चाचण्यांना हा परकेपणा सारखा बाधत नाही. चेंडू झेलणं, एका पायावर उभं राहणं यात फरक पडतो, पण बेताचा. खरा घोळ होतो स्वतःचं स्वतः करण्याच्या चाचण्यांत. तिकडच्या जेवणात काटा-चमचा, आंघोळीला टब. आपलं पोर भाकरी एका हाताने मोडून आमटीत बुडवून खातं, त्याला बोटांची केवढी करामत लागते! खाली बसायच्या संडासात तोल सांभाळून उकिडवं बसतं. या दोन्हींना परदेशी यादीत धड जागाच नाही.

त्यात आज्जी. पाच-सहा वर्षांच्या नातवाला मांडीवर घेऊन भरवणं ही आपल्याकडे माया आहे. वीफिम नावाची चाचणी मूल रोज प्रत्यक्षात काय करतं ते विचारते, १ ते ७ मध्ये: १ म्हणजे सगळं दुसऱ्यानेच करायचं, ७ म्हणजे पूर्ण स्वावलंबी. आज्जीच्या हातचं खाणाऱ्या धडधाकट पोराला जेवणात १ मिळू शकतो. पेडी-कॅट मात्र ‘हे त्याला किती सोपं किंवा अवघड जातं’ असं विचारते, म्हणून तेच पोर तिथे व्यवस्थित दिसेल. दोन्ही चाचण्या खोटं बोलत नाहीत. पण रिपोर्टमध्ये एकच आकडा आणि पुढे ‘स्वावलंबन कमी’ एवढंच लिहिलं, तर वाचणाऱ्याचा काय समज होईल?

म्हणून माझं म्हणणं तुमच्यापेक्षा थोडं वेगळं आहे. नातवाचं नुकसान कोष्टकापेक्षा रिपोर्टने केलं असावं. चाचणी कशी घेतली, कुठल्या भाषेत घेतली, मध्ये काय झालं, हे न लिहिता नुसता आकडा छापणारा रिपोर्ट. आपल्या भागात हा रोग फार आहे.

एक नेहमीचं दृश्य सांगते. लहान वस्तू भराभर जागेवर लावायच्या, मी सेकंद मोजतेय. पोराने डावा हात पुढे केला. मागून आज्जी: ‘त्या हातानं नको रे बाळा!’ पोर दचकलं, मागे बघितलं, हात बदलला. उजव्या हातातून पहिलीच वस्तू निसटून टेबलाखाली गेली. घड्याळ चालूच. आता कागदावर काय उतरणार? लिहिता हात उजवा, वेळ जास्त. कोष्टकात लिहित्या हाताचे सेकंद वेगळे आणि दुसऱ्या हाताचे वेगळे. अदलाबदल झाली की दोन्ही आकडे फसवे. हे अमेरिकेने केलं नाही, आमच्याच खोलीत झालं. अशा वेळी थेरपिस्टने दोन वाक्यं लिहायची असतात: घरच्यांनी टोकल्यावर मुलाने हात बदलला, या भागाचा स्कोअर धरू नये. ही दोन वाक्यं लिहायला कोणी फी जास्त घेत नाही.

भाषेचंही तसंच. हालचालींच्या चाचण्यांत सूचना करून दाखवायची मुभा असते, त्यामुळे भाषेचा अडसर पुष्कळ कमी होतो. तरी मी सूचना मराठीत सांगितली, पोर गोंधळल्यावर कन्नडात सांगितली, एक प्रयत्न जादा दिला, तर ती चाचणी पुस्तकाबरहुकूम राहिली नाही. असं करून पोराबद्दल पुष्कळ कळतं, जरूर करावं. मात्र नंतर कोष्टकातला आकडा मिरवायचा नाही.

आणि वय! मूव्हमेंट एबीसी-२ मध्ये ३ ते ६, ७ ते १० आणि ११ ते १६ असे तीन गट आहेत आणि प्रत्येक गटाची कामं वेगळी. सहा वर्षं अकरा महिन्यांचं पोर पुढच्या महिन्यात एकदम वरच्या गटात जातं. जन्मतारीख चुकली तर सगळंच चुकलं. (तुम्ही नोकरीत असताना किती पोरांच्या दाखल्यावर एक जून घातला असेल, सांगा बघू! हल्ली जन्मदाखले असतात, पण ते पडताळून न बघता शाळेच्या कागदावरून वय उतरवणारे अजून आहेत.)

‘बघून ओळखत होतो’ हे मी मान्य करते, पण अर्धंच. फार मागे असलेलं पोर तुमच्या नजरेतून सुटलं नसणार. पण शर्टाची बटणं लावायला वेळ घेणारं, अक्षर वेडंवाकडं, खेळात कोणी घेत नाही म्हणून भिंतीला टेकून उभं राहणारं, अभ्यासात बरं असलेलं पोर? हालचालींच्या समन्वयाची अडचण शाळकरी मुलांत साधारण ५ ते ६ टक्क्यांना असते. तुमच्या चाळीसच्या वर्गात दोन. त्यांना आपण ‘आळशी’ नाहीतर ‘धांदरट’ म्हणून मोकळे झालो. अशी पोरं नजरेत आणायला चाचणी लागते. अर्थात, नुसता स्कोअर कमी म्हणून हे निदान होत नाही, रोजच्या कामात आणि शाळेत अडतंय का तेही बघावं लागतं.

आणखी एक गोष्ट, जी पालकांना कोणी समजावून सांगत नाही. समजा नातवाचा स्कोअर ७८ आला. मोजण्यातली चूक धरून तो खरा ७२ असू शकतो किंवा ८४. मग सहा महिन्यांनी ८१ झाला म्हणून पेढे वाटायचे नाहीत आणि ७६ झाला म्हणून थेरपिस्टला शिव्या घालायच्या नाहीत. वर्षाने पुन्हा ७८ च आला, तर ‘पैसे पाण्यात’ असं वाटतं. पण त्या वर्षात बाकीची पोरंही वाढली. तो त्यांच्याबरोबर वाढला, म्हणून आकडा तिथेच राहिला. पोर पुढे सरकलं का, हे कच्च्या गुणांत, म्हणजे कोष्टकाशी ताडण्याआधीच्या मूळ गुणांत दिसतं. नाहीतर सीओपीएमसारख्या पद्धतीत दिसतं, ही कॅनडातली, १९९१ ची. त्यात घरच्यांनीच ठरवायचं: रिक्षामामा हॉर्न वाजवायच्या आत त्याने स्वतः बूट घालावेत. आज ते दहापैकी किती जमतं, तीन महिन्यांनी किती. दोन गुणांचा फरक पडला तर तो मोलाचा धरतात. इथे अमेरिकेचं कोष्टक लागतच नाही.

शाळेचं सांगते, कारण तुमचा खरा संताप तिथे आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १६: प्राथमिक शिक्षण (म्हणजे आठवी) पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावायचीही बंदी आहे. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालामुळे हा कायदा तिला लागू नाही. तो तपास आधी करा, बेळगावात अशा शाळा आहेत. पोराला अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. सरकारमान्य शाळेला भेदभाव न करता घ्यावंच लागतं. पण ते प्रमाणपत्र सरकारी वैद्यकीय मंडळाचं असतं. माझ्या किंवा कुणाच्या थेरपी रिपोर्टने पोर अपंग ठरत नाही, आणि शाळेने तसं ठरवायचं तर नाहीच नाही.

तेव्हा नातवाचा तो कागद परत काढा. चाचणीचं पूर्ण नाव आणि आवृत्ती, घेतल्याची तारीख, त्या दिवशीचं नेमकं वय, सूचनांची भाषा, आकड्याच्या दोन्ही बाजूंना मोजण्यातली चूक किती धरली, आणि चाचणी चालू असताना पोर कसं वागलं, एवढं त्यात आहे का बघा. नसेल तर ज्यांनी घेतली त्यांच्याकडे लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि शाळा ‘दुसरीकडे बघा’ असं तोंडी म्हणत असेल, तर मुख्याध्यापकांना सांगा, हेच शाळेच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी द्या.