समुद्र मोकळाच असतो, पळवा बिनधास्त

जोडून सुट्ट्या आल्या की तारकर्ली किंवा नागाव गाठणार आहात ना? उत्तम. जेट स्की स्वतः चालवायला मिळाली तर संधी सोडू नका. रस्त्यावर माणसं असतात म्हणून गाडीला लायसन्स लागतं. समुद्र काय, मोकळाच असतो.

आधी घासाघीस करा. महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का, बोटीची नोंदणी झालीय का, असलं विचारून बिचाऱ्या बोटवाल्याचा धंदा खराब करू नका. सगळ्यात स्वस्त कोण, एवढंच बघा. खाडी-नदीतल्या यांत्रिक बोटींसाठी इंग्रजांनी 1917 मध्ये कायदा केला. तो जाऊन 2021 मध्ये नवा इनलँड व्हेसल्स ॲक्ट आला, त्यातही नोंदणी आणि तपासणी आहेच. शंभर वर्षं सरकार तेच सांगतंय आणि आपण ऐकत नाही. एवढी जुनी परंपरा तुमच्या हातून मोडायला नको.

बोटीवर किती माणसं न्यायची तो आकडा असतो. तो मोठ्यांचा. मांडीवरची पोरं मोजायची आपल्यात पद्धत नाही. लाइफ जॅकेट फोटोपुरतं घालावं, मग बुडाखाली घ्यावं, फळी टोचत नाही.

जेट स्कीवर मनगटाला अडकवायची एक दोरी देतील. तुम्ही पडलात की तिचं यंत्रातलं टोक सुटतं आणि इंजिन बंद पडतं. आता पैसे मोजलेत ते इंजिन चालण्याचे, तेव्हा दोरी हँडललाच गुंडाळून टाका. तुम्ही पाण्यात आणि गाडी एकटीच पोहणाऱ्यांच्या दिशेने, असा व्हिडिओ रोज थोडाच मिळतो! आणि हो, हे यंत्र वळतं ते मागे फेकलेल्या पाण्याच्या झोतावर. ॲक्सिलरेटर सोडला की झोत गेला, मग हँडल कितीही फिरवा, गाडी नाकासमोर जाते. बहुतेक गाड्यांना ब्रेकही नसतो. घाबरलेला माणूस पहिल्यांदा ॲक्सिलरेटरच सोडतो, हे शिकवणाऱ्याने सांगायला घेतलं की तुम्ही सेल्फी काढत असा.

समोरून बोट आली तर? समुद्रावरचा आंतरराष्ट्रीय नियम म्हणतो, दोघांनीही उजवीकडे वळावं. आपण पडलो डाव्या बाजूने गाडी चालवणारे. तेव्हा ऐनवेळी सवयीने डावीकडे घ्या आणि समोरच्या तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, उजवीकडे का घेतलं म्हणून त्यालाच शिव्या द्या. दुसऱ्याला मागे टाकताना त्याच्यापासून लांब राहण्याची जबाबदारी मागे टाकणाऱ्याची, असंही त्या नियमांत आहे. मुंबई-गोवा हायवेवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचून नुसतं हसू येईल.

पाण्यावर ओळीने तरंगणाऱ्या बोया दिसल्या की त्यांच्यामधून नागमोडी चालवून दाखवा. खाली जाळी असते, पण ती तुमची नाही. किनाऱ्यावर रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, दोराला लागलेली वीस-पंचवीस माणसं हात हलवत ओरडतील, ‘ओ दादा, थंय रापण लागली हा, लांबसून जावा!’ त्यांना उलट हात करा. कोकणी माणूस किती अगत्यशील असतो, हे घरी सांगता येईल.

जूनमध्ये बोटी बंद आहेत म्हणाले तर हुज्जत घाला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, ती मच्छीमारांना. आपण मासे ताटातच पकडतो. मे अखेरपासून वारा फिरतो, दर्या खवळतो वगैरे लोक सांगतील. मे 2022 मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तो विषय मात्र काढू नका, सहलीचा मूड जातो.

तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे नंबर मोबाइलमध्ये घालून जागा अडवू नका. उलटलातच, तर सगळ्यात आधी पोहोचेल ती मघाच्या रापणवाल्यांची होडी. तुम्हाला वर ओढताना त्यांच्या हातात फाटकं जाळं दिसलं, तर तेवढं विचारू नका, कशाने फाटलं.