बातमीतला कर्ता कुठे लपवावा

अभिनंदन! सरकारी वाहिनीच्या वृत्तविभागात तुमची निवड झाली आहे. कुणी केली, कशाच्या जोरावर केली, किती महिन्यांच्या कंत्राटावर केली, हे विचारू नका. 'निवड झाली' एवढं वाक्य मात्र नीट पाहून ठेवा. पुढची सगळी नोकरी याच घडणीच्या वाक्यांवर काढायची आहे.

रुजू होण्याआधी माळ्यावरून शाळेचं व्याकरणाचं पुस्तक खाली काढा. प्रयोगांच्या प्रकरणात शेवटी अकर्तृक भावे प्रयोग आहे. एका मार्काला यायचा म्हणून आपण सगळ्यांनीच तो ऑप्शनला टाकला होता. उदाहरणं आठवतात? 'उजाडलं.' 'सांजावलं.' 'आज सारखं गडगडतंय.' क्रिया आहे, कर्ता नाही. बाईंना वाटत होतं आपण मराठी शिकवतोय. प्रत्यक्षात त्या सरकारी वाहिनीसाठी हवामानाचे वार्ताहर घडवत होत्या.

नियम अगदी सोपा आहे. चांगलं घडलं की त्याला कर्ता असतो, तोही पद, नाव आणि आदरार्थी बहुवचनासकट. वाईट घडलं की ते आपलं आपण घडतं. पूल मंत्रिमहोदय बांधतात, वाहून मात्र तो स्वतःच्या मर्जीनं जातो. रोपं माननीय लावतात, झाडं 'तोडण्यात येतात'. हे 'ण्यात येणं' म्हणजे मराठी राजभाषेनं जगाला दिलेली देणगी आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईत आरेच्या जंगलात मेट्रोच्या कारशेडसाठी दोन रात्रींत दोन हजारांवर झाडं तोडण्यात आली. वाक्य पुन्हा वाचा. कुऱ्हाड आहे, लाकूड आहे, हात कुठेच नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो. तुम्हाला वाटत असेल, या नोकरीत खोटं बोलावं लागतं. अजिबात नाही. मार्च 2014 मध्ये मराठवाड्यात गारपीट झाली तेव्हा आमचे बापूकाका ओट्यावर ट्रान्झिस्टर लावून बसले होते. आतून अंदाज आला, 'तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता.' काकांनी अंगणातली लिंबाएवढी गार उचलून ट्रान्झिस्टरच्या जाळीसमोर धरली आणि म्हणाले, "ही बघ तुझी शक्यता." मागे गहू आडवा झालेला, द्राक्षबाग भुईसपाट. पण रेडिओ चुकला होता का? हवामान खात्याच्या परिभाषेत 'तुरळक' म्हणजे त्या विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या ठिकाणी. बापूकाकांचं अंगण त्या तुरळकात बसलं, इतकंच. शब्द शास्त्रशुद्ध होता, फक्त गव्हाला शास्त्र कळत नव्हतं. असे शब्द गोळा करत चला. खोटं बोलणारा कधीतरी सापडतो, परिभाषेत बोलणारा पेन्शन घेऊन घरी जातो.

आकड्यांचंही असंच. जुलै 2025 मध्ये आनंदाची बातमी आली की देशाच्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा आता कोळसा, तेल, वायू सोडून इतर स्रोतांचा आहे. बातमी सोळा आणे खरी आणि अभिमानाची. ती हेडलाइनला घ्या. मात्र प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशावरच निघते, हे टिकरवरसुद्धा येता कामा नये. गोठ्यात म्हशी किती ते मोठ्यानं सांगायचं, दूध किती निघालं ते विचारणाऱ्याला चहा पाजायचा.

आता राजकारणाकडे वळू. तिथे तुमच्या हातात लाल पेन असतं. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत विरोधी पक्षांना दूरदर्शन-आकाशवाणीवर बोलायला वेळ मिळाला, तसा तो कायद्यानं मिळतोच. माकपचे सीताराम येचुरी भाषण लिहून घेऊन गेले. त्यांनी सरकारी कारभाराची 'दिवाळखोरी' लिहिलं होतं, त्याजागी 'अपयश' घालायला सांगण्यात आलं. आणखी काही शब्द गळाले. फॉरवर्ड ब्लॉकच्या नेत्याला तर भाषणातला 'मुस्लीम' हा शब्दच काढायला लावला. आम्ही निवडणूक आयोगाच्या मार्गदर्शक सूचनाच पाळल्या, असं दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या बाजूनं सांगितलं गेलं, आणि सूचना आहेतही तशा. बघा, किती नजाकत आहे. माणसाला बोलू द्यायचं, वेळही पुरता द्यायचा, फक्त जाता जाता त्याच्या तोंडातला एखादा दात काढून ठेवायचा.

त्याच निवडणुकीच्या ऐन धामधुमीत डीडी न्यूजचा लाल लोगो भगवा झाला. तो भगवा नाही, नारंगी आहे, असा खुलासा आला. तुम्हीही नारंगीच म्हणा. नागपूरची संत्री आठवा, जीभ वळेल.

कुणी म्हणेल, हे सगळं हल्लीचं आहे. अशा माणसाला खुर्ची द्या आणि इतिहास ऐकवा. आणीबाणीत किशोरकुमारनं सरकारच्या कार्यक्रमाला यायला नकार दिला, तर आकाशवाणीवरून किशोरकुमारच गायब झाला. फेब्रुवारी 1977 मधल्या एका रविवारी दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांच्या सभेत जयप्रकाश आणि जगजीवनराम बोलणार होते. लोकांनी घरीच बसावं म्हणून दूरदर्शननं त्या संध्याकाळी ठरलेला सिनेमा बदलून डिंपल कपाडियाचा 'बॉबी' लावला. लोक तरीही मैदानावर गेले, ही गोष्ट वेगळी. पण त्या काळच्या अधिकाऱ्यांची कल्पकता पाहा! बातमी दाबायची तर कात्री कशाला, डिंपल पुरते. 2014 च्या दसऱ्याला नागपूरहून सरसंघचालकांचं भाषण दूरदर्शननं थेट दाखवलं, तेव्हा ज्यांनी आरडाओरडा केला त्यांनी 'बॉबी' लावणाऱ्यांच्या वारसदारांनाच मतं दिली होती. आणि ज्यांना ते भाषण म्हणजे निव्वळ बातमी वाटली, त्यांचीच आधीची पिढी रामलीला मैदानावर होती.

स्वायत्ततेचा प्रश्न विचारला गेला तर घाबरू नका. प्रसार भारतीचा कायदा 1990 मध्ये संमत झाला आणि अंमलात यायला 1997 उजाडलं. (अकर्तृक भावे! कुणी उशीर केला नाही, फक्त उजाडलं.) त्याच्या बाराव्या कलमात लिहिलंय की नागरिकाला मोकळेपणानं, खरी आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याच्या हक्काचं रक्षण करावं, परस्परविरोधी मतं मांडावीत, आणि शेती, आरोग्य वगैरेंबरोबर पर्यावरणाकडे खास लक्ष द्यावं. कलम सुंदर आहे. फ्रेम करून केबिनमध्ये लावा, मागे भिंतीचा पोपडा निघालेला असेल तोही झाकला जाईल. पर्यावरण आणि प्रसारण यांचं नातं तर इतकं घट्ट आहे की 2019 पासून 2021 च्या मध्यापर्यंत हवामानबदलाचं खातं आणि बातम्यांचं खातं एकाच मंत्र्याकडे, आपल्या पुण्याच्या प्रकाश जावडेकरांकडे होतं. केवढी ही सोय! एका खात्यानं दुसऱ्याला प्रश्न विचारायचा झालाच, तर आरशात बघितलं की काम झालं.

मधल्या मध्ये एक कबुली देऊन टाकतो. मला अजूनही संध्याकाळच्या सह्याद्रीच्या बातम्या आवडतात. तिथे कुणी किंचाळत नाही, आठ चौकटींत आठ डोकी एकाच वेळी भुंकत नाहीत. खासगी वाहिन्यांवर कर्ता लपवत नाहीत, सरळ चुकीचा कर्ता धरून आणतात. म्हणून तर तुमच्या नोकरीला मान आहे.

प्रेक्षकाची काळजीच करू नका. बापूकाका आता मुलाकडे असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला रिमोट काकांच्या मांडीवर असतो. आणीबाणीत रेडिओला शिव्या घालणारे काका हल्ली म्हणतात, "आता कुठे खऱ्या बातम्या द्यायला लागलेत." शेजारी त्यांचा मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतो, "विकले गेलेत सगळे." बातमीपत्र दोघांचं एकच. 2014 आधी दोघांचे संवाद अगदी उलटे होते, वहिनींना ते पाठ आहेत. त्या फक्त उद्या कपडे वाळतील का, तेवढं ऐकायला थांबतात. तुमचा खरा प्रेक्षक त्याच, आणि तिथेही तुम्ही 'तुरळक' म्हणणार.

आता थोडा गृहपाठ. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगडमध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं सापडलीच नाहीत. माधव गाडगीळांच्या समितीनं पश्चिम घाटाबद्दलचा अहवाल 2011 मध्येच दिला होता. त्यानंतर कस्तुरीरंगन समिती आली, मग 2014 पासून घाटातला संवेदनशील भाग राखण्याच्या मसुदा अधिसूचनांची रांग लागली. सहावा मसुदा निघाला 31 जुलै 2024 रोजी, म्हणजे याच घाटात केरळमधल्या वायनाडला दरडीखाली गावं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. या सगळ्याची चाळीस सेकंदांची बातमी करा. 'मसुदा', 'अहवाल' आणि 'समिती' हे शब्द वर्ज्य. 'निसर्गाचा कोप' दोनदा चालेल. घटनास्थळी कोण पोहोचलं, ते पहिल्या वाक्यात.

दुसरा प्रश्न थोडा अवघड आहे. 16 एप्रिल 2023, खारघर, महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा. लाखोंची गर्दी उघड्या मैदानात, छत फक्त व्यासपीठावर. उष्माघातानं 14 जण गेले. हा सोहळा कुणी आयोजित केला होता? राज्य शासनानं. आणि ऊन कुणी आयोजित केलं होतं? कुणीच नाही. सुटलं गणित. पूर्ण मार्क.

शेवटचं सांगायचं ते स्टुडिओबद्दल. एप्रिल 2024 मध्ये दूरदर्शनच्या कोलकाता केंद्रावर एक निवेदिका थेट प्रक्षेपणात उष्णतेच्या लाटेची बातमी वाचत होत्या. स्टुडिओतली थंडाव्याची यंत्रणा बिघडली होती. वाचता वाचता शब्द अडखळले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि उष्णतेची बातमी अर्धी टाकून त्या खुर्चीतच बेशुद्ध पडल्या.

तेव्हा पाण्याची बाटली जवळ असू द्या. टेबलाखाली ठेवा, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी.