जावातली मंदिरं "परक्यांच्या हातात" नाहीयेत

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या प्रंबाननचा, म्हणजे तिथल्या जुन्या हिंदू मंदिरांचा व्हिडिओ टाकला, खाली लिहिलेलं, "बघा आपली मंदिरं, आज परक्यांच्या हातात." त्याखाली नमस्कारांची रांग. डोकंच फिरलं. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही म्हणून इथे लिहितोय.

परके कोण हो? जावाला गेलो होतो तेव्हा दिएंगच्या पठारावर आम्हाला नेणारा ड्रायव्हर पन्नाशीचा, पाच वेळा नमाज पढणारा माणूस. समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार मीटर उंची, धुकं, कडाक्याची थंडी, जमिनीतून निघणारी वाफ, गंधकाचा वास, बटाट्याची शेतं आणि मधेच बाराशे वर्षांहून जुनी शंकराची देवळं. अर्जुन, सेमार, श्रीकांडी, पुंतदेव म्हणजे युधिष्ठिर, सेम्बद्रा म्हणजे सुभद्रा. ही नावं तिथल्याच लोकांनी पुढे कधीतरी वायांगमधून, म्हणजे त्यांच्या सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळातून दिली. सेमार हा त्याच खेळातला, पांडवांचा शहाणा विदूषक-सेवक. तर हा माणूस आम्हाला रंगून सांगत होता की श्रीकांडी काय नेमबाज होती, अर्जुनाची बायको ती, आणि मधेच थांबून त्याने विचारलं, "तुमच्या महाभारतात सेमार नाही? मग पांडवांना शहाणपण शिकवतं कोण?"

खऱ्या काळजीने विचारलं त्याने. हा परका?

आणि याच माणसाने २०१० मध्ये मेरापी ज्वालामुखी फुटला तेव्हा बोरोबुदुरवर, म्हणजे जावातल्या प्रचंड बौद्ध स्तूपावर जाऊन झाडू मारलाय. अख्ख्या स्तूपावर राख बसली होती, ती राख आम्लधर्मी, तशीच राहिली तर दगड खराब करते, म्हणून कर्मचाऱ्यांसोबत कितीतरी साधी माणसं झाडू-बादल्या घेऊन साफसफाईला लागली. त्याला त्यात विशेष काही वाटत नव्हतं, चहा पिता पिता सहज बोलून गेला. आपल्यातल्या किती जणांनी गावच्या पडक्या हेमाडपंती देवळातलं गवत उपटलंय?

हो, १९८५ साली कट्टर लोकांनी बोरोबुदुरवर बॉम्ब लावले, नऊ स्तूपांचं नुकसान झालं, हे मान्य. पण ते स्तूप परत उभे केले तेही तिथल्याच लोकांनी ना. सांबिसारीचं शिवमंदिर तर मेरापीच्या राखेखाली सहा मीटरहून खोल गाडलेलं होतं. १९६६ मध्ये शेतात खणताना एका शेतकऱ्याचं हत्यार कोरीव दगडाला लागलं आणि पुढे जवळजवळ वीस वर्षं खपून, दगडाला दगड जुळवत त्यांनी ते उभं केलं. परक्या वस्तूसाठी कुणी एवढं खपतं का?

असो. राग जरा उतरला लिहिता लिहिता. प्रंबाननच्या शिवमंदिरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर सेवू आहे, ते बौद्ध. थोडं पुढे प्लाओसान, तेही बौद्ध. ज्वालामुखीच्या दगडातली, एकमेकांच्या शेजारी शतकानुशतकं. वेरूळ बघितलेल्या माणसाला तिथे एकदम घरच्यासारखं वाटतं, भरून येतं, आणि ते वाटायला मालकी सांगावी लागत नाही.

जाणार असाल तर बोरोबुदुर-प्रंबानन एका दिवसात उरकून बालीला पळू नका. दिएंगला एक मुक्काम ठेवा, स्वेटर न्या, आणि ड्रायव्हरला महाभारत सांगायच्या आधी त्याचं ऐकून घ्या. सेमारबद्दल नक्की विचारा.