तरंगणारा उंदीर उदास असतो का?

एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षी अश्वगंधेच्या मुळांचा अर्क घेऊन मी अ‍ॅनिमल हाउसमध्ये उभी होते. काचेचं उभं नळकांडं, त्यात 25 अंशांचं पाणी आणि पाण्यात पांढरा उंदीर. बाहेर निघता येत नाही, तळाला पाय टेकत नाहीत. सहा मिनिटं ठेवायचं आणि शेवटच्या चार मिनिटांत तो किती सेकंद नुसता तरंगतो ते स्टॉपवॉचवर मोजायचं. जास्त तरंगला तर नैराश्य, कमी तरंगला तर औषध लागू पडलं. 1977 पासून चालत आलेली ही फोर्स्ड स्विम टेस्ट.

पुसून कोरडं करताना टॉवेलमधून त्याच्या काळजाचे ठोके बोटांना लागायचे. ते आठवलं की आजही वाईट वाटतं. त्याहून जास्त खुपतं ते हे, की त्या आकड्यांतून अश्वगंधेबद्दल आम्हाला काहीच कळलं नाही.

तिचं शास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा. सोम्निफेरा म्हणजे झोप आणणारी. आजी तिचं चूर्ण रात्री दुधातून द्यायची, तेही महिना-दीड महिना रोज. आता झोप आणणाऱ्या वनस्पतीने उंदीर सुस्तावला आणि शांत तरंगला, तर आमच्या तक्त्यात तो जास्त उदास! कॅफीन दिलं की तो धडपडतो, म्हणजे बरा! आणि बुडत नाही हे कळल्यावर ताकद राखून तरंगणं हे नैराश्य कसं? इमिप्रामिन या नैराश्यावरच्या औषधाचा इथे एकाच डोसात गुण दिसतो. माणसाला त्यासाठी दोन-तीन आठवडे थांबावं लागतं.

प्राण्यांवरचे सगळेच प्रयोग फुकट असतात असं नाही. सर्पगंधेचंच बघा. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी 1949 साली रक्तदाबावरचा तिचा गुण जगापुढे मांडला, 1952 मध्ये तिच्यातून रेसरपीन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. पुढे स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिलं, ससे निपचित पडले. मग शरीरात ज्याचं डोपामिन बनतं ते एल-डोपा टोचलं, तर उठून हिंडू लागले. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं काम कळलं ते त्यातून, आणि पार्किन्सनच्या रुग्णांना आज तेच एल-डोपा देतात. तिथे सशाच्या मनातलं दुःख कुणी मोजायला गेलं नव्हतं. हालचाल पाहिली, मेंदूतलं रसायन मोजलं.

यंदा सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा लिहिणाऱ्यांना आणि त्यांच्या गाइडना कळकळीची विनंती: अश्वगंधा, ब्राह्मी पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या पोटात जाते आहे. जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या ओपीडीशी बोला, रीतसर संमती घेऊन माणसांचीच झोप आणि चिंता आठ आठवडे मोजा. प्राणी लागणारच असतील तर पिंजऱ्यातच त्यांची झोप, खाणं, घरटं बांधणं पाहा. आणि अशा प्रयोगांना परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीवर बसणाऱ्यांनो, 'ही चाचणी कशासाठी?' एवढं तरी विचारा. आमच्या वेळी कुणी विचारलं नाही. मीही नाही.