दोन क्रेडिटचा संसार

विज्ञानाच्या पोराला थोडं साहित्य कळावं आणि कॉमर्सच्या पोरीला आकाशातले ग्रह ओळखता यावेत, याला विरोध करणारा माणूस मी अजून कुठल्याच अभ्यासक्रम समितीत पाहिलेला नाही. माना डोलतात, चहा येतो, सगळं गोडीगुलाबीने चाललेलं असतं. मग कोपऱ्यातून कुणीतरी हळूच विचारतो, "पण मग तास कुणाचे कमी करायचे?" तिथून पुढे सभेचं इतिवृत्त छापण्यालायक राहत नाही.

ही सर्वांगीण शिक्षणाची हौस तशी जुनी. कोलंबिया विद्यापीठाने १९१९ मध्येच सगळ्या पोरांना समान वाचन लावलं. हार्वर्डने १९४५ मध्ये या विषयावर अख्खा अहवाल काढला. आपल्याकडे राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्ये तेच सुचवलं. मुंबईत फाउंडेशन कोर्स होता, म्हणजे एफसी. तो गंभीरपणे घ्यायचा वेळ परीक्षेच्या आदल्या रात्री अकरानंतर मिळायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पर्यावरणाचा सक्तीचा पेपर आला आणि प्लास्टिकच्या फायलींत पर्यावरणाचे प्रकल्प जमा होऊ लागले. आता २०२० चं राष्ट्रीय धोरण आहे आणि त्याच्या पाठोपाठ ते महाराष्ट्रात लागू करणारा २० एप्रिल २०२३ चा शासन निर्णय. स्वायत्त महाविद्यालयांना तो २०२३-२४ पासून लागला, संलग्न महाविद्यालयांना वर्षभराने. तिथे अंमल सुरू होईपर्यंत २०२४ च्या मार्चमध्ये सुधारित निर्णय आलाच. छापून बाइंडिंग करून ठेवणाऱ्यांचं यात नेहमी नुकसान होतं.

पहिल्या निर्णयातलं पहिलं सत्र वाण्याच्या यादीसारखं वाचायचं. मेजर (मुख्य विषय) ६, ओई (खुला ऐच्छिक) ४, व्हीएससी २, एसईसी २, एईसी (भाषा) २, व्हीईसी (मूल्यशिक्षण) २, आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा) २, सीसी (सहअभ्यासक्रम) २. एकूण बावीस क्रेडिट, म्हणजे तासांत मोजलेलं अभ्यासाचं वजन. यातला व्हीएससी आपल्या मुख्य विषयाशी निगडित कौशल्याचा आणि एसईसी सर्वसाधारण कौशल्याचा. हा फरक एका दमात सांगू शकणाऱ्याला लगेच समन्वयक करतात, म्हणून जाणकार मंडळी फरक ठाऊक असूनही खिडकीबाहेर बघत बसतात.

खरी मजा ओईत, म्हणजे खुल्या ऐच्छिकात आहे. अट अशी की विद्यार्थ्याने तो आपली विद्याशाखा सोडून दुसरीकडचा घ्यायचा. म्हणजे घरचं गिऱ्हाईक बाद, दुकान परगावात थाटायचं. आणि दुकान चालणं जिवावरचं आहे, कारण सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास दाखवावे लागतात. एक क्रेडिट म्हणजे सत्राला पंधरा तास, म्हणून दोन क्रेडिटचा पेपर आठवड्याचे दोन तास देतो. असे दोन पेपर मिळाले तर चार तास. एवढ्यावर एखाद्याचा वर्कलोड भरतो, नाहीतर पुढच्या वर्षी ते पद 'तूर्त आवश्यक नाही' होतं आणि त्या जागी सीएचबीवर कुणीतरी तासाच्या हिशेबाने येतं. त्यामुळे ज्ञानाची क्षितिजं रुंदावण्याच्या चर्चेत सगळ्यांचं एक बोट कॅल्क्युलेटरवर असतं. यात मी कुणाला हसत नाही. पोटाचा प्रश्न आहे.

मग नामकरण सोहळा. रसायनशास्त्र 'स्वयंपाकघरातील रसायनशास्त्र' होतं, गणित 'दैनंदिन जीवनातील गणित' होतं, इतिहास किल्ले चढायला निघतो आणि वनस्पतिशास्त्र कुंडीत मावतं. भौतिकशास्त्रवाले 'आकाशदर्शन' आणतात. कल्पना खरंच सुंदर आहे. बिघडतं ते ती तक्त्यात भरताना.

दोन क्रेडिट, म्हणून दोन घटक, प्रत्येकी पंधरा तास. आमच्याकडे पहिला घटक कोरा सोडायची पद्धत नाही. त्यात 'अर्थ, व्याख्या, स्वरूप, व्याप्ती आणि महत्त्व' हे पाच ब्राह्मण जेवायला बसवावेच लागतात. त्यामुळे आकाश दुसऱ्या घटकात, उपमुद्दा क्रमांक चारला उगवतं. त्यातून पेपर पडला पहिल्या सत्रात. म्हणजे जुलै ते ऑक्टोबर, डोक्यावर ढग. तासाची वेळ सकाळी साडेसात. आता साडेसातला जो एकच तारा दिसतो त्याच्याकडे बघू नका, असं तर आपणच शिकवतो. हा पेपर सम सत्रात ढकलायचा. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी मृग, व्याध, कृत्तिका पूर्वेला आयत्या हजर असतात. आणि दोनांतलं एक क्रेडिट प्रात्यक्षिकाचं करायचं. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला तीस तास मिळतात, म्हणजे गच्चीवर जायला कागदोपत्री सवड होते. हे एवढं समजायला साधारण तीन सभा आणि दोन डझन वडे लागतात.

निष्पत्ती, म्हणजे पेपर शिकून विद्यार्थ्याला काय यायला हवं ते, लिहिताना 'विद्यार्थ्याला समजेल' असं लिहायचं नाही, कारण समजलं की नाही ते मोजता येत नाही. 'ओळखेल', 'वर्गीकरण करेल', 'तुलना करेल' अशी क्रियापदं घालायची. मग त्या निष्पत्तींची पदवीच्या निष्पत्तींशी सांगड घालणारा चौकटींचा तक्ता येतो. त्यात सांगड किती घट्ट ते दाखवणारे १, २, ३ असे आकडे भरायचे. उत्साहात सगळीकडे ३ भरू नका. पुढे नॅकचं, म्हणजे महाविद्यालयाचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेचं, मूल्यांकन होतं तेव्हा प्रत्येक तिनाचा पुरावा लागतो आणि तो गोळा करणाऱ्याच्या हाती तुमचीच फाइल पडते.

वेळापत्रकाबद्दल मात्र सबुरीने सांगायला हवं, कारण सुधारणा मरतात त्या इथे. ओईचे दोन पेपर म्हणजे आठवड्याचे चार तास, आणि त्या चार तासांत कला, वाणिज्य, विज्ञान तिन्हीकडची पोरं एकाच वेळी मोकळी हवीत. कॉमर्सचं कॉलेज सकाळी भरतं आणि पोरं साडेअकराला कामावर जातात. कला शाखा दुपारी जागी होते. सायन्सच्या दुपारी प्रात्यक्षिकांत गेलेल्या, वीस-वीसच्या बॅचेसमध्ये, कारण सूक्ष्मदर्शक तेवढेच. तिघांच्या पत्रिका जुळवता जुळवता शेवटी शनिवार उरतो. उपाय एकच आहे. आधी सगळ्या कॉलेजला ओईचे चार तास ठोकून टाकायचे, मग बाकीचं त्यांच्याभोवती मांडायचं. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. प्रत्येक विभाग आपलं वेळापत्रक पक्कं करून आणतो आणि ओईला उरलेल्या फटींत कोंबतो. एसटीत शेवटी चढलेल्या माणसाला इंजिनावर बसवतात, तसं.

मुलं विषय निवडतात ती वेळ बघून. दुसरा निकष मार्क, तिसरा मैत्रीण. सहाशे पोरं आणि दहा पेपर असले तर प्रत्येकी साठ येतील, असं फक्त एक्सेलला वाटतं. 'शेअर बाजाराची ओळख' या पेपराला अडीचशे येतात आणि 'प्राकृत भाषेचा परिचय' या पेपराला सात. अडीचशे मावतील अशी खोली एकच, सभागृह, आणि तिथे मान्यवरांचं मार्गदर्शन चालू असतं. म्हणून अर्जावर तीन पसंती मागायच्या, प्रत्येक पेपराला कमाल संख्या ठरवायची आणि किमान संख्या तर त्याहून आधी ठरवायची. किमान ठरवली नाही तर त्या सात जणांसमोर पेपर बंद करण्याचं वाईटपण तुमच्यावर येतं. ते सातही जण मनापासून आलेले असतात, हे आणखी वाईट.

आता तीस तासांचा हिशेब. पंधरा आठवडे, दर आठवड्याला दोन. प्रवेशफेऱ्या संपेपर्यंत पहिले दोन आठवडे वर्गात निम्मी पोरं, चार तास गेले. गणपतीत दोन. युवक महोत्सवात दोन. अंतर्गत परीक्षेत दोन. रेड अलर्ट आणि जयंत्या मिळून दोन. उरले अठरा. त्यातले पंधरा अर्थ-व्याख्या-स्वरूप खाऊन टाकतात आणि अख्ख्या विश्वाला तीन तास मिळतात. म्हणून घटक लिहितानाच तीसच्या जागी वीस तासांचा मजकूर घाला आणि वाट पाहायला न लावता मुख्य मुद्दा पहिल्या आठवड्यात आणा. हे सभेत बोलून दाखवायचं नसतं. कागदावर तीसच.

परीक्षेचं गणित तर मुलांनाच विचारा. बावीस क्रेडिटचे दोन-दोनचे तुकडे केले की एका सत्रात जवळपास अकरा गुणपत्रकं तयार करावी लागतात. पन्नास मार्कांचा पेपर, त्यात अंतर्गत वीस असावेत की पंधरा, यावर दोन तास जातात. त्या अंतर्गतसाठी अडीचशे असाइनमेंट येतात. त्यांतल्या दोनशे चाळीस सारख्या असतात आणि उरलेल्या दहांवर मागच्या मालकाचं नाव राहिलेलं असतं. क्रेडिट जमा व्हायचं तर एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिटच्या बँकेतला खातेक्रमांक, लागतो. आधारवर 'दत्तात्रय', दहावीच्या गुणपत्रिकेवर 'दत्तात्रेय' असलेलं पोरगं मग प्रशासकीय इमारतीच्या तीन खिडक्यांचं प्रात्यक्षिक ज्ञान घेतं. ते मात्र कुठल्याच क्रेडिटमध्ये धरत नाहीत.

एवढं सगळं पार पाडून मसुदा अभ्यास मंडळातून विद्याशाखेत आणि तिथून विद्या परिषदेत जातो. मागील इतिवृत्त वाचून कायम होतं, आणि आमचा अभ्यासक्रम अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळच्या विषयांत, जेवणाची वेळ झालेली असताना, मंजूर होतो. संकेतस्थळावर तो चढायला आणखी काही आठवडे लागतात. तोवर गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे 'आकाशदर्शन'चं गाईड आलेलं असतं. पहिल्याच पानावर हमखास येणारा प्रश्न जाड ठशात असतो : ध्रुवतारा म्हणजे काय ते सांगून त्याचे स्वरूप, व्याप्ती व महत्त्व स्पष्ट करा.