सामाईक डॉकवर मुलं नुसती कॉपी करतात, हे खरं नाही

नाशिकच्या शिक्षक-पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक दावा वारंवार पुढे ढकलला जातो. वर्गात गूगल डॉकवर (अनेकांना एकाच वेळी लिहिता येणाऱ्या ऑनलाइन फाइलवर) एकत्र नोट्स लिहायला दिल्या की एक हुशार मूल लिहितं आणि बाकीचे नाव लावतात. कुणी काही पुसलं की सगळं गेलं. नेट गेलं की तास गेला. शिवाय हाताने लिहिलेलंच लक्षात राहतं, तेव्हा हे बंद करा. यातला शेवटचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. बाकीच्यांचं खापर साधनावर फोडणं चुकीचं आहे.

'एकच लिहितो.' लिंक मिळालेल्या कुणालाही संपादनाची मुभा दिली तर हे होणारच. मुलं साइन-इन न करता आत शिरतात आणि आवृत्ती इतिहासात, म्हणजे डॉकमधल्या बदलांच्या नोंदीत, सगळ्यांची नोंद निनावी पडते. प्रवेश मर्यादित ठेवा, मुलांची खाती नावाने जोडा. मग संगणकावर कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-एच दाबलं की कुणी कोणती ओळ कधी लिहिली ते वेगवेगळ्या रंगांत दिसतं.

पण पाळत ठेवण्यापेक्षा कामाची वाटणी जास्त उपयोगी पडते. एका डॉकवर एका वेळी १०० जण लिहू शकतात हे खरं, पण तेवढ्यावरून साठ जणांचा वर्ग एकाच पानावर सोडू नका. कुणालाच धड टाइप करता येत नाही. पाच-पाच जणांचे बारा गट करा, प्रत्येक गटाला वेगळं डॉक द्या, त्यात पाच ओळींचा तक्ता टाका. विषय नांदूर मध्यमेश्वर हे नाशिक जिल्ह्यातलं पक्षी अभयारण्य असेल तर एकाकडे गोदावरी-कादवा संगम आणि बंधारा, दुसऱ्याकडे साचलेला गाळ आणि त्यातून तयार झालेली पाणथळ जागा, तिसऱ्याकडे पक्षी, चौथ्याकडे रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा), पाचव्याकडे प्रश्न. दुसऱ्याच्या ओळीत लिहायचं नाही, फक्त टिप्पणी करायची. चौथ्याने दर्जाचं साल १९७१ लिहिलं, तर शेजारच्याने टिप्पणीत विचारावं: हे इराणमध्ये झालेल्या रामसर कराराचं साल ना? नांदूर मध्यमेश्वरला दर्जा २०१९ मध्ये मिळाला. ही देवाणघेवाण कॉपीत होत नाही.

सगळ्यांना सारखीच कोरी प्रत द्यायची असेल तर गूगल क्लासरूममध्ये 'प्रत्येक विद्यार्थ्यासाठी प्रत' हा पर्याय गृहपाठ पाठवण्याआधीच निवडावा लागतो. पाठवल्यावर तो बदलता येत नाही, आणि बरेच जण इथेच फसतात.

'पुसलं की गेलं.' जात नाही. आवृत्ती इतिहासात जुना मजकूर असतो. मात्र घाईने 'पुनर्संचयित करा' दाबू नका. त्याने अख्खं डॉक मागे जातं आणि नंतर इतरांनी लिहिलेलंही पानावरून हटतं. जुनी आवृत्ती उघडा, हरवलेला परिच्छेद तेवढा कॉपी करा, चालू पानावर चिकटवा. आणि डॉकची नवी प्रत काढली तर तिच्यासोबत इतिहास येत नाही, म्हणून तपासणी मूळ डॉकवरच करा.

'नोट्स उडाल्या' या तक्रारीमागे अनेकदा जुना फॉन्ट असतो. श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर डॉकमध्ये चिकटवला की निरर्थक अक्षरं उमटतात. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या उपकरणांवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, रूपांतर करा.

'नेट गेलं की तास गेला.' नाशिक शहरातल्या कॉलेज रोडवरची शाळा आणि दुर्गम सुरगाणा तालुक्यातली शाळा यांची अडचण सारखी नाही, हे मान्य. पण नुसत्या मजकुराला डेटा फार थोडा लागतो. जड असतात ते फोटो. नेट असतानाच डॉक ऑफलाइन उपलब्ध करून ठेवा, रेंज आली की बदल आपोआप जुळतात. दोघांनी ऑफलाइन असताना एकच परिच्छेद बदलला तर मात्र वाक्यं एकमेकांत घुसतात. ओळी वाटून देण्याचा इथेही उपयोग होतो.

'हाताने लिहिलेलंच राहतं.' याला आधार म्हणून २०१४ चा एक अमेरिकन अभ्यास सांगितला जातो. लॅपटॉपवाले विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवत होते आणि संकल्पनांच्या प्रश्नांत मागे पडले, असं त्यात आढळलं. नंतरच्या पुनर्प्रयोगांत हा फरक तितका ठामपणे दिसला नाही. शिवाय तिथे प्रत्येक जण एकटा लिहीत होता. एकमेकांच्या नोट्स तपासणं त्यात नव्हतंच. तरी शब्दशः उतरवण्याचा धोका खरा आहे, म्हणून क्रम असा ठेवा: शिकवताना फोन-लॅपटॉप बंद, वहीत स्वतःच्या शब्दांत टिपणं, आणि शेवटची दहा मिनिटं डॉकसाठी. आकृती पुन्हा काढायला लावू नका. ड्राइव्हच्या ॲपमधून वहीचं पान स्कॅन करून गटाच्या फोल्डरमध्ये टाकलं की पुरे.